समुद्रकांठचें लग्न आणि घरचे हात

समुद्राच्या वाळूवर लग्न लावण्याची हौस अलीकडे आपल्या किनाऱ्यावर वाढत चालली आहे. प्रथम ती गोव्यांत दिसूं लागली; आतां अलिबाग-मुरूडकडेही तिचे पाय वळले आहेत. या लग्नांपैकीं बरींच मोठमोठ्या हॉटेलांच्या हातीं सोंपविलेलीं असतात, व त्यांविषयीं आम्हांस येथें कांहीं लिहावयाचें नाहीं. परंतु त्यांत एक लहानसा वर्ग असा आहे कीं, तेथें वधूवर महिनेच्या महिने संध्याकाळीं बसून आपल्या लग्नाच्या वस्तु आपणच तयार करितात. पत्रिका हातानें लिहितात व रंगवितात; वेळूची कमान काथ्याच्या दोरीनें बांधून तीवर झावळ्या व फुलें लावितात; करवंट्यांचे दिवे करितात; पाहुण्यांस द्यावयाच्या लहान पिशव्या शिवितात; आणि पुष्कळदां एकमेकांस द्यावयाचीं वचनेंही स्वतःच लिहून आणितात. यांत खर्च वांचतो हें एक कारण आहेच. पण मुख्य कारण निराळें आहे. हें लग्न आपलें वाटावें, ही त्यांची इच्छा असते.

यावर वडील माणसांचे दोन अभिप्राय ऐकूं येतात. कित्येक म्हणतात, हें सारें परदेशचें अनुकरण आहे. दुसरे म्हणतात, यांत नवें तें काय? आमच्या आज्यापणज्यांच्या वेळीं लग्नांतली प्रत्येक वस्तु घरींच होत असे. दोन्ही बोलण्यांत थोडथोडें सत्य आहे. पण दोहोंतही एक घोटाळा आहे. हातानें केलेलें लग्न आणि वधूवरांचें स्वतःचें लग्न, या दोन गोष्टी एकच आहेत असें हीं दोन्ही मतें गृहीत धरतात. आपल्या किनाऱ्याचा इतिहास पाहतां आम्हांस असें दिसतें कीं, या दोन गोष्टी फार काळ एकमेकींपासून दूर राहिल्या होत्या, आणि त्यांची गांठ पडणें ही आजची नवी गोष्ट आहे. ती कशी, हें क्रमानें सांगण्याचा येथें यत्न करूं.

प्रथम मांडवाचें पाहूं. कोंकणांत लग्न अंगणांत, म्हणजे तिकडे ज्यास खळें म्हणतात तेथें, लागे. वाळू ही कामाची जागा होती. होड्या ओढून ठेवण्याची, जाळीं पसरण्याची, मासळी वाळविण्याची. समुद्रावरून दुपारनंतर सुटणारा वारा माडांच्या रांगांनीं अडविलेला असे, म्हणून अंगणांतला मांडव टिके. मांडवाचा पहिला खांब म्हणजे मुहूर्तमेढ. तिला आंब्याचा टाळा बांधून, पूजा करून ती रोवीत, आणि मग शेजारपाजारचे लोक कामास लागत. कोणी वेळू देई, कोणी जुन्या पोफळींचे खांब देई, कोणी झावळ्या. झावळ्या कांहीं दिवस पाण्यांत भिजत घालीत, म्हणजे पातीं लवचीक होत. मग जमिनीवर बसून एक पात वर व एक खालीं अशा रीतीनें त्यांचीं झांपें विणीत. खांब व वांसे बांधावयास सुंभ लागे. तो नारळाचीं सोडणें खाडीच्या चिखलांत कांहीं महिने कुजवून, कुटून, हातानें वळलेला असे. लग्न आटोपलें म्हणजे हींच झांपें गोठ्यावर जात, किंवा पावसाची झड लागूं नये म्हणून घराच्या भिंतींस बांधलीं जात. अशा रीतीनें एकटा माड छपराचें पान, बांधण्याची दोरी, केरसुणीचा हीर, दिव्याची करवंटी आणि जेवणांतला रस इतकें सारें पुरवी, आणि मागें टाकाऊ असें कांहीं उरत नसे.

आंतलें काम बायकांचें. जात्यास हळकुंड बांधून हळद दळावयाची, घाणा भरावयाचा, पापड-कुरड्या-सांडगे घालावयाचे, पत्रावळी व द्रोण लावावयाचे, मुंडावळ्या ओवावयाच्या. फाल्गुन-चैत्रांत दक्षिण कोंकणांत सुरंगी फुलते. तिचे वळेसर त्याच दिवसांत होत, कारण तें फूल दुसऱ्या कशानें भरून निघत नाहीं. रुखवताचा मूळ अर्थ वराकडे पाठवावयाचें खाद्य असा होता. पुढें त्याभोंवतीं वधूच्या घरच्या कारागिरीचें प्रदर्शन जमलें. करवंट्यांच्या बाहुल्या, मण्यांचीं तोरणें, क्रोशाच्या सुईनें विणलेले रुमाल, साखरेचीं फळें, सुपारीचे भटजी, असे कितीतरी प्रकार त्यांत आले. हें सर्व वधूनें केलें आहे असें सांगत. खरोखरी तें तिच्या आई, मावशी, आत्या व शेजारणी यांनीं मिळून केलेलें असे.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. घरचें म्हणजे सर्व कांहीं एका घरांत झालेलें, असा अर्थ नव्हता. मडकीं कुंभार देई, सुपें व रोवळ्या बुरूड देई, बांगड्या कासार भरी, भेंडाचीं बाशिंगें कारागिराकडूनच येत. ज्या घटिकापात्रावर मुहूर्ताची वेळ मोजीत, तें तळाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें पात्र, जें पाण्यावर ठेविलें असतां चोवीस मिनिटांत बुडे, तेंही कोण्या तांबटाच्याच हातचें. परंतु प्रत्येक वस्तूमागचा हात कोणाचा, हें सर्वांस ठाऊक असे.

गाण्याचेंही तसेंच. मराठींतील आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो, त्या महदंबेचे 'धवळे' हें लग्नाचेंच काव्य होय. तेराव्या शतकांत ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीलेचा प्रसंग आला, त्या वेळीं तिनें रुक्मिणीस्वयंवरावर हीं गीतें रचिलीं, अशी महानुभाव परंपरा आहे. म्हणजे आपल्या भाषेंतील एका स्त्रीचें पहिलें मोठें काव्य हें कोण्या एका लग्नासाठीं, त्या लग्नापुरतें, हातोहात तयार झालेलें आहे! ऋद्धिपूर वऱ्हाडांत, समुद्रापासून फार दूर. पण तो शब्द किनाऱ्यावर अद्याप जिवंत आहे. आगरी व कोळी लोकांच्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण असते, आणि वारल्यांच्या लग्नांत तर धवळेरी हीच विधि चालविते.

वारल्यांचा उल्लेख झाला, तर त्यांच्या चौकाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यामागील डोंगरपट्ट्यांत लग्नाच्या आधीं घराच्या आंतल्या भिंतीवर सुवासिनी चौक लिहितात. भिंत शेणानें किंवा गेरूनें सारविलेली, रंग तांदुळाच्या पिठाचा, आणि कुंचला म्हणजे टोंक चावून मऊ केलेली वेळूची काडी. चौकाच्या मध्यभागीं पालघट देवी. हा चौक लिहिल्यावांचून लग्न लागत नाहीं. सबब ही शोभेची वस्तु नसून विधीचें अंग आहे. कागद व पांढरा रंग घेऊन भास्कर कुलकर्णी १९७० नंतरच्या दशकांत त्या भागांत गेले, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून ही कला घराबाहेर पडून जगभर पोंचली. म्हसे यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते वारले. स्त्रियांच्या हातची विद्या एका पुरुषाच्या नांवानें प्रसिद्ध झाली, हें इतिहासांत नमूद असावें. यांत त्यांच्या गुणाचा अनादर नाहीं.

किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजांतही हेंच चित्र दिसतें. वसईकडे लग्नाच्या आदल्या दिवशीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणितात. गोव्यांत वधूवरांस नारळाचा रस लावितात, त्यास 'रोस' म्हणतात. धर्म निराळा, पण नारळ तोच, मांडव तोच, आणि रस काढणारे हात घरचे व शेजारचेच.

इतकें वाचून वाचकांस वाटेल कीं, आम्ही जुन्या लग्नाचें स्तोत्र गात आहों. तसें नाहीं. ज्या मुलीसाठीं हा सारा खटाटोप चाले, तिला त्यांत कोणी काय विचारीत असे? बालविवाहाच्या काळांत ती आठ-दहा वर्षांची असे. रुखवतांतल्या बाहुल्या ही तिची खरीखुरी खेळणीं असण्याचें तें वय. मुलीचें किमान वय १४ आणि मुलाचें १८ ठरविणारा, शारदा कायदा या नांवानें ओळखला जाणारा निर्बंध १९२९ सालीं झाला व १ एप्रिल १९३० पासून अमलांत आला. तोही पुष्कळ काळ कागदावरच राहिला. त्याहून कठोर गोष्ट अशी कीं, मांडवांत कोणाचे हात लागावे आणि कोणाचे लागूं नयेत, हें जातीनें व वैधव्यानें ठरविलेलें असे. घरांतील विधवा आत्या पहांटेपासून चुलीपाशीं राबे, पीठ मळी, भांडीं घांशी; पण हळद लावावयाची वेळ आली म्हणजे ती माजघराच्या दाराआड उभी राही. ज्या बुरुडाचें सूप मंगल म्हणून पूजिलें जाई, त्याचें पान मांडवाबाहेर वाढलें जाई. शेजाऱ्याचें साह्य हेंही निव्वळ प्रेम नव्हतें. तें फेडावयाचें ऋण होतें, आणि न फेडील त्याच्या घरीं पुढच्या लग्नाला मेढ धरावयास कोणी येत नसे. तात्पर्य, लग्न हातांनीं घडत होतें तेव्हां तें वधूवरांचें नव्हतें. तें दोन कुळांचें, एका जातीचें आणि एका गांवाचें होतें.

आतां दुसऱ्या प्रवाहाकडे वळूं. त्यासाठीं किनारा सोडून घाटावर यावें लागतें. लग्न हें वधूवरांचें असावें, त्यांच्या संमतीनें व त्यांस समजेल अशा भाषेंत लागावें, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोन वाटांनीं पुढें आला. एक वाट कायद्याची. १८७२ सालच्या तिसऱ्या कायद्यानें सरकारी अधिकाऱ्यासमोर विवाह करण्याची सोय केली; मात्र त्यासाठीं प्रचलित धर्मांपैकीं कोणताही आपण मानीत नाहीं, असें लिहून द्यावें लागे. १९२३ सालीं ही अट हिंदु, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती सैल झाली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानें ती अजीबात काढून टाकली. या १९५४ च्या कायद्यांत आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाची तरतूद आहे. वधूवरांनीं आपणांस आवडेल त्या रीतीनें विवाह करावा. फक्त अधिकारी व तीन साक्षीदार यांच्या समक्ष, आपणांस समजणाऱ्या कोणत्याही भाषेंत, परस्परांचा स्वीकार केल्याचे शब्द उच्चारावे, म्हणजे झालें. स्वतः रचलेल्या वचनांना याहून मोठा आधार कोणता पाहिजे?

दुसरी वाट समाजसुधारणेची. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजानें २५ डिसेंबर १८७३ रोजीं पुण्यास पुरोहितावांचून व थोडक्या खर्चांत पहिला विवाह लाविला. पुढें १८८७ सालीं जोतीरावांनीं मंगलाष्टकांसह सर्व पूजाविधींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील मंगलाष्टकांत वधू आपले हक्क मागते व वर ते मान्य करितो. दोघेही बोलतात, हाच त्यांतला क्रांतिकारक भाग. जुन्या लग्नांत अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंस मौन असे, आणि बोलत ते इतर. येथें अंतरपाट तोच राहिला, पण मौन सुटलें.

परंतु या दुसऱ्या प्रवाहाची एक बाजू अशी कीं, त्यांत वस्तूंना स्थान थोडें होतें. आणि तें योग्यच होतें. कर्ज काढून लग्न करण्याच्या रूढीवर त्यांचा घाव होता, सबब मांडव, वाजंत्री, मानपान, रुखवत हें सारें त्यांनीं खर्चाच्या यादींत घातलें व बाजूस सारलें. नोंदणीच्या लग्नांत तर दोन हार व चार सह्या पुरत. लग्न वधूवरांचें झालें, तेव्हां हात मागें पडले. या दोन प्रवाहांची गांठ मधून मधून पडली, नाहीं असें नाहीं. खादीच्या चळवळींत ती पडली होती. २६ मार्च १९४२ रोजीं अलाहाबादेस इंदिरा नेहरू यांचा फिरोज गांधींशीं विवाह झाला, तेव्हां वधूनें नेसलेली साडी तिच्या वडिलांनीं तुरुंगांत कांतलेल्या सुताची होती. विवाह वधूच्या निवडीचा, भिन्नधर्मीय वराशीं, लोकांच्या रोषास न जुमानतां झालेला. आणि वस्त्र बापाच्या हातचें. दोन्ही गोष्टी एका ठिकाणीं येण्याचें याहून सुंदर उदाहरण आमच्या आढळांत नाहीं. पण तो अपवाद होता.

पुढें जें झालें तें सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. झांपांच्या जागीं कापडी कनाती आल्या, अंगणाच्या जागीं मंगल कार्यालय आलें, रुखवत भाड्यानें मिळूं लागलें, आणि मखर-कमानी थर्मोकोलच्या झाल्या. महाराष्ट्र सरकारनें मार्च २०१८ मध्यें प्लॅस्टिक व थर्मोकोल यांवर बंदीचा हुकूम काढिला, तोंवर त्यांचा कचरा खाड्यांतून तरंगत समुद्रास मिळालेला होता. जी शोभा पूर्वी गोठ्यावर जाऊन दुसऱ्या वर्षीं खत होई, ती आतां कोळ्याच्या जाळ्यांत अडकूं लागली. वारल्यांचा चौकही लग्नपत्रिकेच्या कडेला हजारांच्या संख्येनें छापला जाऊं लागला. तो पाहून हातानें काढल्याचा भास मात्र होतो.

या पार्श्वभूमीवर आजच्या वाळूवरील लग्नाकडे पाहिलें, म्हणजे त्याचा अर्थ ध्यानांत येतो. कमान परदेशी धाटणीची असेल. दोन रंगांची वाळू एका बाटलींत ओतण्याचा विधि आपल्या कोणत्याही पोथींत नसेल. पण सुधारकांनीं मिळवून दिलेली वधूवरांची वाणी आणि जुन्या घरांतले हात हीं दोन्ही येथें प्रथमच सामान्य माणसाच्या आटोक्यांत एकत्र येत आहेत. म्हणून या हौसेस खूळ म्हणून हिणविणें आम्हांस पसंत नाहीं. ज्या मुलीच्या पणजीस आपल्या लग्नांत एक शब्द बोलतां आला नाहीं, ती आज स्वतःच्या अक्षरांत वचन लिहिते व स्वतःच्या हातानें मुंडावळी ओविते. ही लहान गोष्ट नव्हे.

तथापि या प्रकारांत दोन उणिवा आहेत, व त्या मित्रभावानें सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. पहिली उणीव किनाऱ्याविषयींच्या अज्ञानाची. वाळू ही रिकामी जागा आहे असें शहरांतून येणाऱ्यास वाटतें. ती रिकामी कधींच नव्हती. आजही ती कोळ्याची खटपटीची जागा आहे. रत्नागिरी जिल्ह्यांत वेळासला, गोव्यांत मोरजी व गालजीबाग येथें समुद्रकांसवें हिवाळ्यांत येऊन तीत अंडीं घालतात, आणि रात्रींच्या झगझगीत दिव्यांनीं त्यांचीं पिलें समुद्राची वाट चुकतात. किनारपट्टीच्या बांधकामावर १९९१ पासून निर्बंध आहेत ते याचसाठीं; आणि पोंवळीं व कांहीं जातींचे शंख-शिंपले १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं संरक्षित असल्यानें सांपडेल तें उचलून माळेंत ओवणें हेंही निर्धास्तपणें करण्याजोगें नाहीं. शिवाय समुद्राचा स्वतःचा मुहूर्त असतो. भरती दररोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतें, अष्टमीच्या सुमारास भांग. जो कांठावरच्या कोळ्यास विचारील, त्याची कमान कोरडी राहील. जो नुसता सुंदर सूर्यास्त पाहून तिथि ठरवील, त्याचे पाहुणे गुडघाभर पाण्यांत उभे राहतील.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. या लग्नांत हात असतात ते बहुधा दोघांचेच. फार तर चार मित्रांचे. बाकीचें सामान पुड्यांतून विकत आणलेलें असतें, आणि तें कोणाच्या हातचें हें कोणासच ठाऊक नसतें. जुन्या मांडवांत हातांवर जातीचें व सक्तीचें ओझें होतें, तें गेलें हें उत्तम झालें. परंतु त्याबरोबर हातामागचा माणूसही गेला. आम्हांस वाटतें, त्या माणसास आतां मोकळेपणानें, बरोबरीच्या नात्यानें व योग्य मोबदला देऊन परत बोलाविण्याची वेळ आली आहे. जेथें लग्न लावावयाचें त्याच गांवांत झांप विणणारी एखादी आजी अजून असते. तिच्याजवळ बसून चार झांपें विणावयास शिकावीं, म्हणजे बाजारांतली कापडी झालर लागणार नाहीं, आणि झांपें मागाहून कोणाच्या गोठ्यावर घालावयासही देतां येतील. धवलारणीस पाहुण्यांची करमणूक म्हणून न आणतां तिचें गाणें लग्नाच्या विधींतच घ्यावें. आणि ज्या आत्येस, मावशीस वैधव्यामुळें कालपर्यंत दाराआड उभें राहावें लागलें, तिच्या हातूनच पहिली हळद लावून घ्यावी. हातानें केलेल्या वस्तूंच्या यादींत ही वस्तु बसत नाहीं खरी, पण हिच्यावांचून बाकीची यादी अपुरी आहे.

मुहूर्तमेढ रोवितांना एकानें खांब उभा धरावा लागतो आणि दुसऱ्यानें खळगा भरून दगडमातीनें ठोकावा लागतो. हें काम एकट्यास साधत नाहीं, आणि वाळूंत तर मुळींच साधत नाहीं. ज्या वधूवरांनीं आपलें लग्न आपल्या हातांनीं करण्याचें मनांत आणिलें आहे, त्यांनीं कमानीचा पहिला वेळू रोवितांना तो धरण्यास गांवांतील कोणास हांक मारावी, एवढीच आमची त्यांस विनंति आहे.